कुरोसावांचं उतारवय आणि युद्ध

नमस्कार श्रोतेहो. अकिरा कुरोसावा म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो 'सेव्हन सामुराई'. पण वयाच्या पंच्याहत्तरीत पोचल्यावर या जपानी दिग्दर्शकाने युद्धाचं जे रूप दाखवलं, त्याविषयी आपल्याकडे फार कमी बोललं जातं. मला त्याची खंत वाटते, म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

१९८५ सालचा 'रान' घ्या; जपानीत 'रान' म्हणजे अनागोंदी. कुरोसावांची नजर अधू झाली होती आणि चित्रपटाचं काम चालू असतानाच त्यांची पत्नी गेली. कथा हिदेतोरा नावाच्या वृद्ध सरदाराची. आयुष्यभर रक्तपात करून मिळवलेलं राज्य तो तीन मुलांच्या हाती सोपवतो आणि थोरले दोघे त्याच्यावर उलटतात. त्यांचं सैन्य किल्ल्यावर तुटून पडतं, तेव्हा पडद्यावरचा सगळा आवाज थांबतो. टापा नाहीत, किंकाळ्या नाहीत. ऐकू येतं ते फक्त तोरू ताकेमित्सूंचं विलापासारखं संगीत. एक शिपाई स्वतःचाच तुटलेला हात दुसऱ्या हातात धरून बसला आहे. मग बंदुकीचा एक बार होतो, थोरला मुलगा कोसळतो आणि सगळा कल्लोळ एकदम कानांवर आदळतो. हिदेतोराला जीव द्यायचा आहे, पण त्याच्या हाती तलवारच उरलेली नाही. जळत्या किल्ल्याच्या पायऱ्या उतरून तो येतो आणि शत्रूचे सैनिक मुकाट्याने त्याला वाट देतात.

पुढे वादळात तो एका झोपडीत आसरा घेतो. तिथे राहणारा तरुण आंधळा आहे, आणि त्याचे डोळे लहानपणी याच हिदेतोराने काढवलेले आहेत. कथेचा सांगाडा शेक्सपिअरच्या लिअर राजाचा, पण कुरोसावांनी आपल्या राजाला भूतकाळ दिला. म्हातारपणाची कीव करताना हिदेतोराने केलेले अत्याचार कुरोसावा विसरू देत नाहीत. माझ्या मते ही त्यांची सर्वांत मोठी झेप आहे.

'ड्रीम्स' १९९०चा. त्यातल्या एका स्वप्नात युद्धावरून एकटाच परतणारा अधिकारी बोगद्यातून बाहेर पडतो. पाठोपाठ निळसर चेहऱ्याचा एक शिपाई येतो. लांब डोंगरात लुकलुकणारा दिवा दाखवून तो म्हणतो, ते माझं घर, आईवडील वाट बघताहेत. आपण मेलो आहोत, हे त्याला पटतच नाही. मग अख्खी मेलेली पलटण शिस्तीत येऊन उभी राहते. अधिकारी त्यांची क्षमा मागतो आणि शेवटी त्यांना माघारी फिरायचा हुकूम देतो. मेल्यावरही ते हुकूम पाळतात, हे बघवत नाही. कुरोसावा स्वतः कधी सैन्यात गेले नव्हते, तरी युद्धातून जिवंत परतलेल्या माणसाची बोच त्यांना कळली होती.

१९९१च्या 'रॅप्सडी इन ऑगस्ट'मध्ये नागासाकीच्या बॉम्बने नवरा गमावलेली आजी आहे. जपानने इतरांवर केलेल्या अत्याचारांबद्दल हा चित्रपट गप्प आहे, अशी टीका झाली. ती मला खोडता येत नाही. तरीही विजांच्या कडकडाटात बॉम्बच पडला असं समजून नातवंडांना पांढऱ्या चादरींखाली झाकणारी ती आजी पाहिल्यावर पोटात कालवतं.

शेवटचा 'मादादायो', १९९३चा. युद्ध त्यात जेमतेम दिसतं. हवाई हल्ल्यात घर जळालेले एक प्राध्यापक बायकोबरोबर इवल्याशा खोपटात ऋतूंमागून ऋतू काढतात. दरवर्षी वाढदिवसाला त्यांचे जुने विद्यार्थी जमून विचारतात, या जगातून निघायची तयारी झाली का? प्राध्यापक बिअरचा भलामोठा पेला एका दमात रिकामा करतात आणि ओरडून सांगतात, 'मादादायो', म्हणजे अजून नाही!