ज्या गावी गेलो, त्या गावचा टी-शर्ट

(दृश्य : लोखंडी कपाटाचे दार उघडते. घड्या घालून ठेवलेले पांढरे टी-शर्ट.)

गोरेगावच्या एका दोन खोल्यांच्या घरातील हे कपाट आहे. व्यापारी जहाजांवर आयुष्य काढून सेकंड इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे हे टी-शर्ट आहेत आणि त्या सर्वांवर एकच चिन्ह आहे. पिवळे वर्तुळ, त्यावर तपकिरी अक्षरांत हार्ड रॉक कॅफे. वेगळी आहे ती फक्त खालची ओळ : सिंगापूर, योकोहामा, बार्सिलोना. जहाज बंदराला लागले की जेमतेम काही तासांची शोअर लीव्ह, म्हणजे किनाऱ्यावर उतरण्याची सुटी, मिळे, आणि त्या वेळात घरी फोन करणे व या कॅफेचे दुकान गाठणे एवढी दोनच कामे ठरलेली असत, असे काका सांगतात. यांतले निम्म्याहून अधिक टी-शर्ट त्यांनी एकदाही अंगात घातलेले नाहीत.

(दृश्य : लंडन, ओल्ड पार्क लेन. जुनी छायाचित्रे.)

या कपाटाची गोष्ट लंडनमध्ये सुरू होते. 14 जून 1971 रोजी आयझॅक टिग्रेट आणि पीटर मॉर्टन या दोन अमेरिकन तरुणांनी हाइड पार्क कॉर्नरजवळ, जिथे पूर्वी रोल्स रॉइस मोटारींची शोरूम होती त्या जागेत, अमेरिकन धाटणीचे जेवण आणि रॉक संगीत एकत्र देणारे हे कॅफे उघडले. त्याचे वर्तुळाकार चिन्ह ॲलन ॲल्ड्रिज या ब्रिटिश चित्रकाराने काढले. टी-शर्ट विकण्याचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. 1974 मध्ये कॅफेने एका स्थानिक फुटबॉल संघाला आश्रय दिला आणि संघाच्या शर्टांवर आपले चिन्ह छापून घेतले. त्यातले काही शर्ट उरले. उरलेला माल टाकून देण्याऐवजी तो नेहमी येणाऱ्या गिऱ्हाइकांना वाटण्यात आला, आणि थोड्याच दिवसांत इतर गिऱ्हाईक तोच शर्ट आम्हालाही विकत द्या, अशी मागणी करू लागले.

या क्रमाकडे नीट पाहिले पाहिजे, कारण सगळे मर्म त्यातच आहे. हा शर्ट आधी मिळाला तो घरच्यासारख्या झालेल्या माणसांना, आणि फुकट मिळाला. आपल्याकडे कार्यात जवळच्या माणसाला आहेर करतात, त्याच भावनेची ती वस्तू होती. ती विकायला आली तेव्हा तिच्यावर आपलेपणाचा शिक्का आधीच बसलेला होता. पहिल्या दिवसापासून काउंटरवर किंमत लावून ठेवली असती, तर हाच शर्ट आणखी एक कपडा ठरला असता, असे आम्हाला वाटते.

(दृश्य : काचेमागची लाल गिटार.)

1979 मध्ये प्रसिद्ध ब्रिटिश रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी आपल्या आवडत्या जागेची खूण म्हणून कॅफेच्या भिंतीवर लावण्यासाठी गिटार दिली. पाठोपाठ ‘द हू’ या रॉक बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनीही आपली गिटार पाठवली, आणि तिथून भिंती भरत गेल्या. लंडनमधील स्मरणवस्तूंचे दुकान समोरच्या ज्या इमारतीत थाटले गेले, तिथे एके काळी कूट्स ही बँक होती. बँकेच्या तळघरातील तिजोरीच्या खोलीत संगीतकारांच्या मौल्यवान वस्तू मांडल्या गेल्या आणि वरच्या मजल्यावर टी-शर्ट, पिना, पेले विक्रीला ठेवले गेले. खाली डोळे भरून पाहायचे आणि वर येऊन परवडेल ते घरी न्यायचे, अशी ती रचना होती.

(दृश्य : टी-शर्टवरील शहराचे नाव, अगदी जवळून.)

1978 मध्ये टोरांटोला कॅफे निघाले आणि पुढे जगभर शाखा झाल्या, तेव्हा चिन्हाखालच्या या एका ओळीला खरे वजन आले. योकोहामाचा शर्ट हवा असेल तर योकोहामाला गेले पाहिजे. पंढरपूरहून बुक्का आणि तुळशीची माळ आणणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण ती माळ आपल्या गल्लीतही मिळते, पण गल्लीतल्या माळेने वारी घडत नाही. गिऱ्हाईक एका शहरातून दुसऱ्या शहरात गेले की ओळखीचे चिन्ह त्याला आत ओढते आणि नवे नाव खरेदी करायला लावते. सवलतीच्या कार्डाने किंवा जाहिरातीने इतकी वर्षे टिकणारी निष्ठा जोडलेली आम्ही तरी पाहिलेली नाही.

या कॅफेच्या भिंतींवर आणि कपड्यांवर दिसणारे ‘सर्वांवर प्रेम करा, सर्वांची सेवा करा’ या अर्थाचे इंग्रजी वचन सत्यसाईबाबांचे आहे. टिग्रेट त्यांचे भक्त होते आणि कॅफेतील आपला हिस्सा विकल्यावर त्यांनी पुट्टपर्तीच्या रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली.

पदपथांवर नकली शर्टांचे ढीग लागले, काही शहरांतील शाखा बंद झाल्या, आणि 2007 मध्ये मालकी फ्लोरिडातील सेमिनोल या मूलनिवासी जमातीकडे गेली.

(दृश्य : गोधडी. सुई, दोरा, काकूंचे हात.)

घालून विरलेल्या टी-शर्टांचे काकूंनी हे केले आहे. होजिअरीचे कापड सुईखाली ताणते आणि टाका वाकडा जातो, म्हणून त्यांनी प्रत्येक चिन्हाच्या तुकड्याखाली जुन्या सुती साडीचे अस्तर लावले, आणि मग कडेपासून आत आत येत धावदोरा घातला. दोऱ्याच्या रांगा बोटभरही अंतर सोडत नाहीत. पिवळी वर्तुळे धुऊन धुऊन फिकी झाली आहेत, त्यांना बारीक चिरा गेल्या आहेत, पण शहरांची नावे वाचता येतात. मधोमध मुंबई आहे. 2006 मध्ये वरळीला बॉम्बे डाइंगच्या गिरणीच्या आवारात हे कॅफे सुरू झाले, तेव्हा काका रजेवर घरी होते. त्यांचे वडील गिरणगावातल्या एका गिरणीत साच्यावर काम करत. गिरणीच्या आवारातून विकत घेतलेले हे कापड काकूंनी मध्यभागी ठेवले, आणि ते का, हे विचारल्यावर त्या नुसत्या हसल्या.

(दृश्य : गोधडीचा वरचा डावा कोपरा.)

हा चौकोन कोरा आहे. तो लंडनसाठी राखलेला आहे, पण काकांचे जहाज तिथल्या बंदराला कधी लागले नाही. लंडनला राहणाऱ्या पुतणीने तिथला टी-शर्ट पाठवते म्हणून दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा काकांनी तिला नको म्हणून कळवले.