पाच वॉटच्या आत

पडद्यावर दिसणाऱ्या, रेडिओ संचाच्या या बोर्डावर तांब्याचा एकसंध थर आहे. त्यावर ना छापील रेषा आहेत, ना पाडलेली भोके. ट्रान्झिस्टर पाय वर करून उताणे बसवले आहेत, रेझिस्टर आणि कपॅसिटर त्यांच्या पायांना अधांतरी जोडले आहेत, आणि ज्या टोकाला ग्राउंड हवे ते टोक सरळ खाली तांब्यावर सोल्डर केले आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा पसारा वाटतो. परंतु उच्च वारंवारतेच्या विजेला लांबलचक तारा मानवत नाहीत, तिला वाट आखूड लागते आणि ग्राउंड जवळ लागतो. या बांधणीत या दोन्ही गोष्टी आपोआप साधतात.

हा संच नववीत शिकणाऱ्या एका मुलीने बांधला आहे. मोर्ससह, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीसह परीक्षा देऊन तिने हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून बोलण्याचा परवाना मिळवला आणि आज ती पुण्यातल्या एका शाळेच्या सभागृहात, स्वतः बांधलेले संच घेऊन जमलेल्या मंडळींमध्ये बसली आहे. यांत निवृत्त अभियंते आहेत, टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवणारे कारागीर आहेत, महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत. सगळे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले आहेत, आणि हॅममधलेही क्यूआरपी, म्हणजे कमी शक्तीत बोलण्याच्या पंथाचे. मोर्ससाठी ५ वॉट आणि आवाजासाठी १० वॉट, याहून अधिक शक्ती अँटेनाकडे जाऊ द्यायची नाही, ही मर्यादा जगभरच्या क्यूआरपी मंडळींनी स्वतःहून स्वीकारली आहे. परवाना त्यांना यापेक्षा कितीतरी अधिक शक्ती वापरू देतो. जिन्यातला छोटा एलईडी दिवा जेवढी वीज घेतो, तेवढ्या शक्तीत ही माणसे पुण्याहून हैदराबादशी बोलू पाहतात.

बाजारात तयार संच उत्तम मिळतात आणि त्यांच्याविषयी येथे कोणाची तक्रार नाही. मात्र तयार संचाचे झाकण उघडून आतला एखादा भाग बदलण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. ते धैर्य शिकवणारी जागा आज शहरात दुर्मीळ झाली आहे, आणि म्हणूनच या टेबलांवर काय चालले आहे ते सावकाश पाहिले पाहिजे.

हे लाल कडे पाहा. हा लोखंडाच्या बारीक भुकटीचा टोरॉइड, म्हणजे कॉइल गुंडाळण्याचे कडे आहे. लाल रंग त्या भुकटीची जात सांगतो, आणि ही जात २ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उत्तम काम देते. इनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार कड्याच्या पोटातून एकदा गेली की एक वेढा झाला. तार बाहेरून वळली आहे की नाही याचा या मोजणीशी संबंध नाही. नवख्या हातांकडून येथेच एक वेढा कमी किंवा जास्त होतो, कॉइलचे मूल्य बदलते, आणि मग संच का चालत नाही याचा शोध भलतीकडेच सुरू होतो. शेजारी बसलेले काका मुलीला वेढे कड्यावर सारख्या अंतराने पसरवायला सांगत आहेत. वेढे एकमेकांजवळ सरकवले की कॉइलचे मूल्य किंचित वाढते आणि दूर केले की घटते. अखेरचे जुळवणे नखानेच होते, त्यासाठी वेगळे हत्यार लागत नाही. त्यानंतर तारेच्या टोकांवरचा लेप ब्लेडने खरवडायचा आणि सोल्डर तेथे नीट पसरते का हे पाहायचे. मुलगी एक टोक पुन्हा खरवडते आहे.

या टेबलांवरचे बहुतेक सामान बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून आले आहे. काही सामान मात्र जुन्या बाजारातच शोधावे लागते, कारण त्याचे उत्पादन आता फारसे होत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा हा गँग कंडेन्सर एका जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतून काढलेला आहे. खुंटी फिरवली की फिरती पाती स्थिर पात्यांच्या फटींमध्ये शिरतात आणि कपॅसिटन्स वाढतो. मुलीने हा गँग ७.०३० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला, म्हणजे ठरावीक वारंवारता देणाऱ्या स्फटिकाला जोडला आहे. क्रिस्टल हट्टी असतो, आपली वारंवारता तो सहसा सोडत नाही. गँगच्या साहाय्याने तो काही किलोहर्ट्झच सरकतो, पण बँडवरच्या, म्हणजे हॅमसाठीच्या वारंवारतांच्या पट्ट्यातल्या गर्दीतून बाजूला होण्यासाठी तेवढे पुरते.

पलीकडच्या टेबलावर बिटएक्सचे संच आहेत, आणि भारतात संच बांधणाऱ्यांविषयी बोलताना बिटएक्सला टाळून पुढे जाताच येणार नाही. हैदराबादचे अशर फरहान यांनी २००३ मध्ये १४ मेगाहर्ट्झवर आवाजाने बोलण्यासाठी ६ वॉटचा हा संच रचला. परदेशातून भाग मागवण्याची ऐपत आणि सोय ज्यांच्याकडे नाही, त्यांना तो बांधता यावा, ही त्यामागची दृष्टी होती. टोरॉइड मिळत नसेल तर नळाच्या प्लॅस्टिक वॉशरवर कॉइल गुंडाळता यावी, इथपर्यंत त्यांनी विचार केला होता. बोलताना आणि ऐकताना संदेश त्याच अ‍ॅम्प्लिफायरांमधून उलटसुलट दिशांनी जातो, त्यामुळे भागांची संख्या घटते. १० मेगाहर्ट्झच्या साध्या क्रिस्टलांपासून त्याचा नको त्या वारंवारता गाळणारा फिल्टर होतो, आणि शेवटच्या टप्प्यावर आयआरएफ ५१० हा मुळात स्विचिंगसाठी बनवलेला स्वस्त मॉस्फेट जातीचा ट्रान्झिस्टर रेडिओचे काम करतो. परवडणाऱ्या भागांत बुद्धी ओतून केलेले इतके सुंदर काम आपल्या अभियांत्रिकीच्या वर्गांत आवर्जून शिकवले गेले पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते.

संच बांधून झाला म्हणून तो लगेच अँटेनाला जोडता येत नाही. आधी तो या टेबलावर येतो. डब्यात दिसणारे हे २० रेझिस्टर प्रत्येकी १ किलोओहमचे आहेत. ते समांतर जोडले की बरोबर ५० ओहम होतात, आणि संचाला आपल्यापुढे अँटेनाच आहे असे वाटते. शक्ती मात्र हवेत जात नाही, तिची उष्णता होते. ऑसिलोस्कोपवर लहरीची उंची माथ्यापासून तळापर्यंत सुमारे ४५ व्होल्ट भरली की त्या ५० ओहमांत ५ वॉट जात आहेत असे समजायचे. मुलीचा संच ४० व्होल्टांवर स्थिरावला, म्हणजे ४ वॉट.

आता हा दुसरा संच पाहा. तो येथल्या एका अतिशय अनुभवी गृहस्थांचा आहे. शक्ती पुरेशी आहे, परंतु लहरीचा आकार गोलसर राहिलेला नाही, तिला खांदे फुटले आहेत. याचा अर्थ ७ मेगाहर्ट्झबरोबर १४ मेगाहर्ट्झ आणि त्यापुढचे हार्मोनिकही, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतले सूरही बाहेर पडत आहेत आणि ते दुसऱ्या कोणाच्या तरी संभाषणात शिरणार आहेत. वय आणि अनुभव कितीही असो, असा संच अँटेनाला लावायचा नाही, हा येथला दंडक आहे. गृहस्थांनी स्वतःच फिल्टर उघडला. आतला एक कपॅसिटर दहापट मूल्याचा निघाला, कारण त्याच्यावर छापलेल्या अंकांतला शेवटचा अंक पुसट झालेला होता. कपॅसिटर बदलल्यानंतरची ही लहर पाहा.

बाहेर मैदानात अँटेना चढते आहे. दोरीला बांधलेला दगड चिंचेच्या फांदीवरून पलीकडे गेला, आणि त्यामागून तार वर गेली. ४० मीटर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या बँडच्या या डायपोलची, म्हणजे मध्याशी संच जोडलेल्या दोन बाहूंच्या अँटेनाची एकूण लांबी सुमारे २० मीटर आहे, मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे १० मीटर. ती पुष्कळ उंच नाही, याची येथे कोणाला खंत नाही. तरंगलांबीच्या पाव हिश्शाहूनही कमी उंचीवर टांगलेल्या डायपोलमधून लहरी बऱ्याचशा सरळ वर जातात आणि आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परतून काहीशे किलोमीटरच्या परिघात उतरतात. दिवसाउजेडी महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत बोलायचे असेल, तर हेच हवे असते.

हेडफोनमधला हा खरखराट शहराचा आहे. दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्या गोंगाटातून पलीकडचा क्षीण सूर वेचून काढावा लागतो. मुलीने मोर्स पाठवण्याची की, म्हणजे दाबण्याची कळ हातात घेतली आहे.

(निवेदन थांबते. मोर्सचा मूळ आवाज: सर्वांना हाक, शांतता, पुन्हा हाक, आणि उत्तर.)

उत्तर हैदराबादहून आले आहे. रिपोर्ट आहे ५५९: संदेश पूर्ण वाचता येतो, ताकद मध्यम आहे, सूर निर्मळ आहे.

(मूळ आवाज सुरू राहतो. मुलगी लिहून घेते आहे.)

४ वॉटांत हे कसे घडते, याचे उत्तर गणितात आहे. १०० वॉटच्या जागी ५ वॉट वापरले तर शक्ती विसाव्या हिश्शावर येते. परंतु ऐकणाऱ्याच्या मीटरवर एक एस-युनिट, म्हणजे संदेशाची ताकद मोजण्याचे एक माप वाढण्यासाठी शक्ती चौपट व्हावी लागते, म्हणून तेथे हा प्रचंड फरक दोन एस-युनिटांहून किंचितच अधिक दिसतो. उरलेली तूट नीट कापलेली अँटेना, योग्य वेळ आणि ऐकणाऱ्याचा कान भरून काढतात. मोर्सचा सूर अत्यंत अरुंद पट्ट्यात मावतो, त्यामुळे रिसीव्हरला आजूबाजूचा गोंगाट गाळून टाकता येतो. आवाजाने बोलताना ही सवलत इतकी मिळत नाही.

२००१ च्या भूकंपानंतर भूजमध्ये आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात हॅम मंडळींनी संदेशवहनाला मोलाची मदत केली, आणि बॅटरीवर चालणारा, जागेवर दुरुस्त होणारा संच अशा वेळी किती उपयोगी पडतो हे वेगळे सांगायला नको.

भारतात या परवान्याच्या परीक्षेला वयाच्या १२ व्या वर्षापासून बसता येते. परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून होते. तिच्यात विजेची आणि रेडिओची मूलतत्त्वे, तसेच नियम विचारले जातात. शाळेचे विज्ञान नीट समजलेल्या मुलाला ती जड जाऊ नये.

सभागृहात आता पुढच्या मेळाव्याचा आराखडा फळ्यावर काढला जात आहे. सर्वांनी ४० मीटर बँडसाठी एकाच आराखड्याचा डायरेक्ट कन्व्हर्जन, म्हणजे आलेली लहर एकाच टप्प्यात थेट ऐकू येणाऱ्या आवाजात उतरवणारा रिसीव्हर बांधून आणायचा आहे, म्हणजे एकाचा अडला तर दुसऱ्याच्या संचाशी ताडून चूक शोधता येईल. कॉइलचे वेढे, कपॅसिटरची मूल्ये आणि प्रत्येक टप्प्यावर मिळायला हवे ते व्होल्टेज फळ्यावर लिहिले आहे. बाकी सारे भाग तापकीर गल्लीत मिळतील. गँगसाठी मात्र रविवारी सकाळी लवकर जुन्या बाजारात जावे लागेल.