‘तयारी आहे का?’ हा प्रश्न नको

श्रोतेहो, नमस्कार.

रक्तदाब वाढलेला आढळला, तर ‘तुम्हाला उपचार घ्यायची इच्छा आहे का?’ असे डॉक्टर विचारत बसत नाहीत. ते औषध लिहून देतात आणि ज्याला ते नको असेल तो तसे सांगतो. विडी ओढणाऱ्या रुग्णाला मात्र आपण आधी ‘सोडायची तयारी आहे का?’ असे विचारतो, आणि ‘बघू’ असे उत्तर आले की केसपेपरवर ‘इच्छुक नाही’ असा शेरा मारून पुढच्या खाटेकडे वळतो. माझे म्हणणे असे, की तयारीची वाट न पाहता उपचार समोर ठेवावा. नाकारण्याची मुभा रुग्णाला असतेच.

आमच्या वॉर्डात सोलापूरकडचे एक काका धाप लागून दाखल झाले होते. विडी सोडणार का, या प्रश्नावर त्यांचे उत्तर ठरलेले असे : “सोडली की, सायेब.” त्यानंतर तासाभरात न्हाणीघरातून धुराचा वास येई. आमच्या एका अनुभवी सिस्टरांनी मात्र त्यांना तो प्रश्न विचारलाच नाही. “उठल्यावर पहिली विडी किती वेळात लागते?” एवढेच त्यांनी विचारले. काका म्हणाले, “डोळं उघडायच्या आत.” जाग आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला विडी लागते, त्याला बहुधा चार मिलिग्रॅमची निकोटिनची च्युइंगम द्यावी लागते. डॉक्टरांकडून ती लिहून घेऊन दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी ती औषधांच्या ट्रेमध्येच ठेवली.

“ही मी मागितली न्हवती,” काका म्हणाले.

“अँटिबायोटिक तरी कुठे मागितलं होतं?” सिस्टर म्हणाल्या. “विडी बंद झाली की जीव तगमगतो, त्यावर आहे ही. नको असेल तर सांगा, मी तसं लिहिते.”

काकांनी ती घेतली आणि सुपारीसारखी कराकरा चावली. साहजिकच घसा जळला, उचकी लागली. सिस्टरांनी शेजारी बसून समजावले, की ती हळू चावायची, तिखट लागले की थांबायचे आणि गालात दाबून धरायची. चहा घेतल्यावर पंधरा मिनिटे तरी तिला हात लावायचा नाही. हे सारे काकू लक्ष देऊन ऐकत होत्या. त्या घरी विड्या वळत. मजुरी हजारी हिशेबाने मिळे, आणि काका रोज त्यांच्याच सुपातल्या विड्या उचलत. काकू म्हणाल्या, “ह्यांच्या पायी माझा हजार कधी पुरा भरत न्हाई. द्या ती गोळी, मी खायला लावते.”

पुढच्या तपासणीला आल्यावर, पुतण्याच्या लग्नात दोन ओढल्याचे काकांनी आपण होऊन सांगितले. सिस्टरांनी त्यांना बोल लावला नाही. च्युइंगम चालू ठेवायला सांगितली आणि पुढची तारीख दिली.

जाता जाता सांगतो, रुग्णालयाच्या भिंतीवर ‘धूम्रपान निषिद्ध’ अशी पाटी लावायची आणि फाटकासमोर टपरी चालू द्यायची, हा प्रकार मला कधीच उमगलेला नाही. आणि रुग्णाच्या उशाशी बसून ‘तुमच्यामुळेच हे झालं’ असे ऐकवणाऱ्या नातेवाइकांना तर भेटीची वेळच देऊ नये.

लंडनमधील २८ फॅमिली डॉक्टरांच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना डॉक्टरांनी काहीच सांगितले नाही, त्यांच्यापैकी वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेले शेकडा ०.३ निघाले, ज्यांना थोडक्यात सल्ला, माहितीपत्रक आणि ‘पुन्हा विचारणा करू’ अशी पूर्वसूचना मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ५.१ होते. आकडा लहान वाटेल, परंतु त्यामागे काही मिनिटांचेच बोलणे होते. कॅनडात ओटावा येथील हृदयरोग संस्थेने पुढे हा रिवाजच पाडला : दाखल होणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, ओढणाऱ्याला उपचार द्यायचा आणि घरी गेल्यावर फोन करायचा. म्हणून पुन्हा सांगतो, प्रत्येकाला विचारा, प्रत्येकापुढे उपचार ठेवा, आणि नंतर चौकशी करा.

आपल्या महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू चघळणारे कितीतरी अधिक आहेत. त्यांनाही हीच रीत लागू पडते. औषध आणि मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. घरबसल्या मदत हवी असल्यास राष्ट्रीय क्विटलाइनचा निःशुल्क क्रमांक लिहून घ्या : १८००-११-२३५६. पुन्हा सांगतो, १८००-११-२३५६. कागद हाताशी नसेल, तर तोच क्रमांक तंबाखूच्या पाकिटावर छापलेला असतो.