घंटा, मठ्ठा आणि शाळेची टाकी

दुपारचे साडेबारा. हॉलच्या मागे केटररची पोरं मसालेभाताचं पातेलं उतरवतायत, मठ्ठ्यात कोथिंबीर पडलीय, आणि पुढच्या टेबलावर एक काका रुमालाने पितळेची घंटा पुसतायत. ही घंटा वाजल्याशिवाय रोटरीची, म्हणजे वेगवेगळ्या धंद्यातल्या माणसांनी मिळून समाजाची कामं करायच्या क्लबाची, मीटिंग सुरू होत नाही, आणि एकदा वाजली की डॉक्टर असो नाहीतर बिल्डर, सगळे गप्प.

हा तालुक्याच्या गावचा क्लब. आपल्याकडे बरेच क्लब संध्याकाळी भेटतात, पण इथे सोमवारी बाजार बंद, म्हणून सोमवारी दुपारी जेवायलाच जमायचं असं ठरून गेलंय.

ही जमण्याची सवय जुनी आहे. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनिअर आणि एक शिंपी असे चौघं एका ऑफिसात बसले. मग आपल्याकडे भिशी कशी या घरून त्या घरी फिरते तशा मीटिंगा आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात व्हायला लागल्या, आणि त्या फिरण्यावरूनच नाव पडलं रोटरी. एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा असा तेव्हा नियम होता. आता तो तितका कडक नाही, पण या टेबलावर बघा ना, दातांचे डॉक्टर, त्यांच्या शेजारी मंडपवाले, पलीकडे सीए, समोर हार्डवेअरवाले शेठ. एरवी ही माणसं एकमेकांना फक्त बिल द्यायला भेटली असती.

आजच्या अध्यक्ष एक मॅडम आहेत. १९८९ पर्यंत रोटरीच्या नियमात बायकांना मेंबर होता येत नव्हतं, आणि आज त्यांनी घंटा वाजवली की सगळा हॉल उभा राहतो.

आता सार्जंट, म्हणजे मीटिंगची शिस्त बघणारे मेंबर, उठलेत, हातात पत्र्याचा डबा. मीटिंगमध्ये मोबाईल वाजला, दंड. उशिरा आलात, दंड. आणि आनंदाची बातमी असली तरी पैसे टाकायचेच, फक्त ते हसत हसत टाकायचे. मंडपवाल्यांना परवा नात झाली, त्यांनी पाचशेची नोट टाकली आणि टाळ्या थांबेपर्यंत बसलेच नाहीत. डब्यातला रुपया न् रुपया कामाला लागतो.

जेवण सुरू झालं की खरी मीटिंग सुरू होते, म्हणजे आम्ही चार सोमवार शूटिंग केलं तेव्हा आम्हाला तरी हेच दिसलं. आज पाहुण्या म्हणून शाळेच्या मुख्याध्यापिका आल्यात, भाषणात त्या थोडं बिचकतच बोलल्या, पण पानात दुसऱ्यांदा जिलबी पडल्यावर शेजारच्या शेठना म्हणाल्या, मुलींच्या टॉयलेटला पाणीच नाही हो, पाळी आली की पोरी शाळेलाच येत नाहीत. शेठनी जिलबी खाली ठेवली. टाकी किती लिटरची लागेल, गच्चीवर चढवता येईल का, पाईप किती लांब, सगळं पेपर नॅपकिनवर लिहिलं, तेलाच्या डागाच्या बाजूबाजूने. प्लंबरची मजुरी डॉक्टरांनी अंगावर घेतली. शिकागोच्या त्या पहिल्या क्लबाने १९०७ मध्ये लोकांसाठी पहिलं काम हाती घेतलं तेही सार्वजनिक स्वच्छतागृहाचंच होतं, म्हणून तो नॅपकिन बघताना आम्हाला फार भारी वाटलं.

कोपऱ्यात बसलेले गुरुजी इथले सगळ्यात जुने मेंबर. रोटरीने १९८५ ला पोलिओचं काम हातात घेतलं आणि पुढे पल्स पोलिओच्या रविवारी गुरुजी एसटी स्टँडवरच्या बूथवर उभे असायचे, लेकराच्या तोंडात दोन थेंब आणि करंगळीच्या नखावर शाईची खूण. भारतातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची एक छोटी मुलगी, आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्त असल्याचं सर्टिफिकेट मिळालं. गुरुजींना या तारखा तोंडपाठ आहेत, सांगताना ते नकळत स्वतःची करंगळी पुढे करतात.

दोनला पाच कमी, घंटा वाजते. सीए डब्यातल्या नोटा मोजायला बसतात, केटररची पोरं आता कुठे आपली ताटं वाढून घेतात, आणि हार्डवेअरवाले शेठ दारात चप्पल शोधतायत, एका हातात नॅपकिन, दुसऱ्या हातात मेजरिंग टेप, आणि बाहेर रिक्षात मुख्याध्यापिका बाई त्यांची वाट बघत बसल्यात.