आठ तास कसे काढाल, ते सांगा

(नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या दिव्यांग उमेदवारांसमोर जळगाव इथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मुलाखतीत आपलं व्यंग सांगायचं की नाही सांगायचं, एवढाच प्रश्न घेऊन तुमच्यातले बरेच जण आले आहेत. त्याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कधी, कुणाला आणि किती सांगायचं, हे तीन वेगळे हिशेब आहेत, आणि सगळी गडबड होते ती बहुतेक तिसऱ्यात.

आधी टेबलापलीकडच्या माणसाचं डोकं बघू. चटईच्या किंवा पीव्हीसी पाइपच्या कारखान्याचा मालक, डाळ मिलचा मॅनेजर, खासगी दवाखान्याचा प्रशासक, कुणीही घ्या. कुबडी घेतलेला उमेदवार आत आला की त्याच्या मनात प्रश्न उभे राहतात: हा रोज येईल का, जिना चढेल का, मशीनवर काही झालं तर कुणाच्या अंगावर येईल, याचं निम्मं काम दुसऱ्याला करावं लागेल का. हे तो सहसा बोलून दाखवत नाही. विचारलंच तर आपल्या पद्धतीने विचारेल, 'पायाले काय झालं भाऊ?' मग उमेदवार लहानपणचा ताप, इंजेक्शन, मुंबईचं ऑपरेशन असं सगळं सांगत बसतो. दहा मिनिटं जातात. मालकाला वाईट वाटतं, चहा येतो, आणि त्याचे मूळ प्रश्न तसेच राहतात. उत्तर मिळालं नाही की माणूस ते स्वतःच भरतो, आणि भरताना नकार भरतो.

म्हणून आजाराचा इतिहास आणि दिव्यांग प्रमाणपत्रावरचे व्यंगाचे टक्के मुलाखतीत जवळजवळ कामाचे नाहीत. ६० टक्के म्हणजे काय, हे समोरच्याला कळत नाही. त्याला वाटतं ४० टक्केच माणूस शिल्लक आहे.

मग सांगायचं काय? यासाठी सरकारी यादीतली एक सोय उचला. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२१ रोजी दिव्यांगांसाठी योग्य अशा ३,५६६ पदांची यादी जाहीर केली. त्यात प्रत्येक पदापुढे शरीराने काय करावं लागतं याची अक्षरं आहेत. एस म्हणजे बसून काम, एसटी उभं राहून, डब्ल्यू चालणं, बीएन वाकणं, एल उचलणं, पीपी ढकलणं-ओढणं, एमएफ बोटांचं काम, आरडब्ल्यू वाचणं-लिहिणं, एसई बघणं, एच ऐकणं, सी बोलणं-कळवणं. सरकारी अर्ज न करणाऱ्यानेही हे रकाने वहीत मांडावेत आणि पुढे स्वतःची मापं लिहावीत. अंदाजाने नको, घड्याळ लावून. सलग किती मिनिटं उभं राहता येतं? पाच किलोची पिठाची पिशवी घेऊन किती पावलं चालता येतं? दहा किलोची? जिन्याच्या वीस पायऱ्यांना कठड्यासह किती वेळ लागतो, कठडा नसेल तर? एका तासात किती नोंदी टाइप होतात? तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी थकल्यावर, आणि सगळ्यांत कमी भरलेला आकडा धरा. चांगल्या दिवसाचा आकडा मुलाखतीत सांगितला की तो पहिल्या आठवड्यातच उघडा पडतो.

आपल्याकडे यात ऊनही धरावं लागतं. कृत्रिम पाय लावणाऱ्याला जानेवारीत आठ तास चालतं ते मे महिन्यात भुसावळच्या ४५ अंशांत चालेलच असं नाही. सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत उरलेला पाय बसतो तिथे, घाम साचतो, पाय आत सरकतो, कातडी घासून सोलते, आणि एकदा जखम झाली की ती सुकेपर्यंत पाय लावताच येत नाही. म्हणजे सगळे खाडे. त्याऐवजी दर दोन-अडीच तासांनी दहा मिनिटं पाय काढायचा, पुसायचा, मोजा बदलायचा. मागणी एवढीच आहे: आडोशाची एक खुर्ची आणि दहा मिनिटं. ती अशीच मागावी, कारणासकट.

आता कधी सांगायचं. सरकारी नोकरीत हा प्रश्न मुलाखतीपर्यंत येतच नाही, तो अर्जातच मिटतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के आरक्षण आहे: अंध व अल्पदृष्टी १ टक्का, कर्णबधिर १, अस्थिव्यंग आणि त्यासोबतचे गट १, आणि बौद्धिक, मानसिक व बहुविकलांग गटाला मिळून १. त्यासाठी व्यंग किमान ४० टक्के लागतं. अर्जात तो रकाना भरला नाही तर पुढे मुलाखतीत सांगून आरक्षण मिळण्याची आशा धरू नका. इथे चुका ठरलेल्या आहेत. प्रमाणपत्रावरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नाही, लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचं तर हमखास. प्रमाणपत्र तात्पुरतं असतं आणि मुदत संपलेली कुणाच्या लक्षात नसते. किंवा ते जुनं, हाताने लिहिलेलं असतं. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवरूनच दिलं जातं. जाहिरात निघाल्यावर जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात रांग लावणाऱ्याची शेवटची तारीख निघून जाते. नंदुरबारकडच्या पाड्यावरून येणाऱ्याचा तर येण्या-जाण्यातच दिवस जातो. हे काम जाहिरातीची वाट न बघता आधी उरकून ठेवा.

खासगीत चित्र वेगळं आहे. तिथे ४ टक्क्यांचं बंधन नाही, आणि मुलाखतीत आपणहून सांगायची सक्तीही कायद्यात नाही. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यात नोकरी देऊ करण्याआधी मालकाने अपंगत्वाविषयी विचारायलाच मनाई आहे. आपल्या कायद्यात तशी थेट मनाई लिहिलेली नाही, म्हणून प्रश्न येणार असं धरूनच जा. आपल्या कायद्याचं कलम ३ दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करायला बंदी घालतं. कामासाठी खरोखर गरजेचं आणि प्रमाणात असेल तेवढाच अपवाद. आणि हे संरक्षण ४० टक्क्यांखालच्यांनाही आहे. चाळीसची अट आरक्षणाची आहे, माणूस म्हणून वागवण्याची नाही. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधी धोरण करायचं असतं, त्यात सोयी, योग्य पदं आणि संपर्क अधिकारी नमूद करायचा असतो. मुलाखतीआधी कंपनीच्या संकेतस्थळावर ते बघा. असेल तर बोलायला दार उघडं आहे. नसेल तर मुलाखतीत त्यावरून भांडू नका, लक्षात मात्र ठेवा.

दिसणारं व्यंग असेल तर आमचं मत असं: बायोडेटात लिहू नका, मुलाखतीची तारीख आणि वेळ पक्की झाल्यावर फोनवर सांगा. आधी सांगितलं तर 'जागा भरली' ऐकायला मिळण्याचा धोका असतो. अजिबात न सांगता गेलं तर पहिली पाच मिनिटं समोरच्याचं आश्चर्य आवरण्यात जातात, आणि ऑफिस दुसऱ्या मजल्यावर निघालं तर तुम्ही घामाघूम होऊन पोचता. फोन छोटा ठेवा: 'मॅडम, उद्या अकराची वेळ पक्की आहे ना? मी व्हीलचेअर वापरतो. दाराशी पायऱ्या किती आहेत आणि दार किती रुंद आहे, तेवढं सांगाल का?' जुन्या इमारतीत केबिनचं दार अडीच फुटी, म्हणजे ७६ सेंटिमीटर असतं. व्हीलचेअर निघते, पण चाक फिरवणारे हात चौकटीला घासतात. उताराचा हिशेब एकास बारा: १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर लांब फळी. एकच पायरी असेल तर फळीने जमतं. तीन असतील तर खालच्या मजल्यावरच्या एखाद्या खोलीत मुलाखत घ्यायला सांगा. नवीन उतार बांधून मागण्यापेक्षा खोली बदलून मागणं लवकर मान्य होतं.

न दिसणाऱ्या व्यंगात नियम एकच ठेवा: मुलाखतीवर किंवा कुणाच्या जिवावर परिणाम होणार असेल तर सांगायचं, नाहीतर नेमणुकीचं पत्र हातात येईपर्यंत थांबलं तरी चालतं. पँटखाली कृत्रिम पाय आहे आणि काम बिलिंगचं आहे, तर थांबा. एका डोळ्याने दिसत नाही आणि काम फोर्कलिफ्ट चालवायचं आहे, तर रुजू होण्याआधी सांगायलाच हवं, कारण अंतराचा अंदाज चुकला तर समोरचा माणूस चिरडला जाईल.

ऐकू कमी येणाऱ्याने मात्र पहिल्याच वाक्यात सांगावं. न सांगितल्यास चुकीचं ऐकून दिलेलं उत्तर 'याला येत नाही' या खात्यात जमा होतं. आपल्याकडे केबिनमध्ये कूलर असतो, आणि श्रवणयंत्र माणसाच्या आवाजासोबत कूलरची घरघरही वाढवतं. त्यामुळे बसण्याआधीच म्हणा, 'सर, मी मशीन लावतो. कूलर दहा मिनिटं बंद केला आणि तुम्ही माझ्याकडे तोंड करून बोललात तर सगळं नीट कळतं.' खिडकी तुमच्या पाठीशी येईल अशी खुर्ची घ्या. उजेड समोरच्याच्या तोंडावर पडला की ओठ दिसतात. मशीनचा सेल त्याच सकाळी बदला. झिंक-एअर सेलची चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या आणि मगच बसवा, नाहीतर सेल पूर्ण जोर धरत नाही. एक सेल खिशात राहू द्या.

सांगण्याची वाक्यं चार पुरतात: काय आहे, कामात कुठे आड येतं, त्यावर उपाय काय, कंपनीकडून काय हवं. पाइप कारखान्यात क्वालिटी तपासणीच्या जागेसाठी असं: 'डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा सांगाडा आहे. सलग चाळीस मिनिटं उभा राहतो, मग पाच मिनिटं टेकावं लागतं. व्यासाची आणि जाडीची मोजणी उंच स्टुलावर बसून तेवढ्याच वेगात होते. टेबलाच्या उंचीचा एक स्टूल लागेल. गोदामातून पाइप उचलून आणणं मला जमणार नाही.' हे शेवटचं वाक्य गिळू नका. 'काहीच अडचण नाही सर' म्हणणारा पहिल्या लोडिंगच्या दिवशी अडकतो, आणि तेव्हा त्याच्यासोबत पुढच्या दिव्यांग उमेदवाराचंही नाव जातं.

दृष्टिहीन उमेदवाराने संगणकाच्या जागेसाठी जाताना एनव्हीडीए या स्क्रीन रीडरची, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची, पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर न्यावी. ते मोफत आहे. पण कंपनीच्या संगणकाला पेनड्राइव्ह चालतो का, हे आधी विचारा. आणखी एक प्रश्न नक्की विचारा: मराठी टायपिंग युनिकोडमध्ये आहे की जुन्या फॉन्टमध्ये? जुन्या फॉन्टमधला मजकूर स्क्रीन रीडर अगम्य अक्षरं म्हणून वाचतो. स्कॅन केलेल्या कागदाची पीडीएफही त्याला मुकीच. हे रुजू झाल्यावर कळलं तर दोष तुमच्यावर येतो.

हाताचं व्यंग असेल आणि पॉवर प्रेसचं काम निघालं, तर एक धोका ओळखा. त्या मशीनला मुद्दाम दोन बटणं असतात, दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय ठोका पडू नये म्हणून. 'एक बटण दोरीने बांधून देतो' अशी मदत कुणी देऊ केली तर नाही म्हणा. ही सोय नव्हे, उरलेला हात घालवायचा रस्ता आहे. त्याच कारखान्यात पॅकिंग, स्टोअर, डिस्पॅचची नोंद अशी कामं असतात, ती मागा.

लग्न झालं का, घरी कोण सांभाळतं, असे प्रश्न येतात, मुलींना तर जास्तच. चिडून काही हाती लागत नाही. त्यामागचा प्रश्न ओळखून त्याला उत्तर द्या: 'रोज वेळेवर येण्याची सोय आहे, तीनचाकी स्कूटर आहे, शेडमध्ये ती लावायला जागा लागेल.' आणि शंका दिसली तर स्वतःहून म्हणा, 'अर्धी शिफ्ट काम करून दाखवतो.' दोन आठवडे फुकट राबायला मात्र तयार होऊ नका.

नकार मिळाला आणि कारण व्यंगच दिलं, तर त्याच दिवशी तारीख, वेळ, कोण बोललं आणि नेमके शब्द लिहून ठेवा, व्हॉट्सअॅपचे संदेश पुसू नका. पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. कलम ८९ प्रमाणे कायदा मोडल्यास पहिल्यांदा १० हजारांपर्यंत, पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड आहे. यातून नोकरी मिळेल या आशेवर मात्र थांबू नका, दुसरीकडचे अर्ज चालू ठेवा.

निवड झाली की वैद्यकीय फॉर्म येतो. मुलाखतीत न सांगणं वेगळं आणि सहीच्या कागदावर 'काही नाही' लिहिणं वेगळं. असं खोटं लिहिल्याने पुढे नोकरी जाऊ शकते. तिथे खरं लिहा. स्टूल, खुर्ची, तळमजला, जे तोंडी ठरलं ते रुजू होण्याआधी दोन ओळींच्या ई-मेलने पाठवा, कारण कबूल करणारा मॅनेजर सहा महिन्यांनी बदलून जातो. आणि ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत पहिल्याच दिवशी अकाउंट्सला द्या. महाराष्ट्रात अशा कर्मचाऱ्याला व्यवसाय कर माफ आहे. नाही दिलं तर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाचे अडीच हजारांपर्यंत मुकाट कापले जाऊ शकतात. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची पगारमर्यादाही इतरांना २१ हजार आणि दिव्यांगांना २५ हजार आहे, आणि लहान कारखान्यातल्या अकाउंटंटला ते ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त.