विहिरीवर राहिलेली घागर

इ.स. ३१२च्या सुमाराची ही घटना आहे. रोमन सैन्यात भरती करण्यासाठी गावोगावची तरुण मुले पकडून नाईल नदीतून होड्यांनी नेली जात होती. एका संध्याकाळी या होड्या इजिप्तमधील थीब्ज शहराच्या काठाला लागल्या आणि मुलांनी पळून जाऊ नये म्हणून रात्रीपुरते त्यांना तुरुंगात कोंडण्यात आले. अंधार पडल्यावर शहरातली काही माणसे अन्नपाणी घेऊन आत आली आणि घाबरलेल्या, हिरमुसलेल्या त्या मुलांना आग्रह करकरून जेवू घालू लागली. त्या मुलांत साधारण वीस वर्षांचा पाकोमियस होता. ना ओळख ना देख, तरीही ही माणसे आपल्याशी अशी का वागतात, असे त्याने बरोबरच्यांना विचारले. हे ख्रिस्ती लोक आहेत आणि परक्यांशीही ते असेच वागतात, असे उत्तर त्याला मिळाले.

पाकोमियसच्या चरित्रात त्या रात्रीच्या उपदेशाचा उल्लेख नाही. त्याच्या घरच्या देवांना कोणी नावे ठेवल्याचे किंवा त्याला नरकाची भीती घातल्याचेही तिथे लिहिलेले नाही. सैन्यातून सुटका झाल्यावर त्याने स्वतःहून बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नाईलकाठच्या तबेन्नीसी येथे मठ स्थापन केला. संन्याशांनी एकेकटे न राहता एका नियमाखाली एकत्र राहावे, ही ख्रिस्ती मठांची परंपरा ज्यांच्यामुळे रुजली, त्यांत त्याचे नाव अग्रभागी घेतले जाते.

या प्रसंगात आधी कृती घडते, मग प्रश्न उमटतो आणि उत्तर सर्वांत शेवटी येते. बायबलच्या नव्या करारातील पेत्राच्या पहिल्या पत्रातही हाच क्रम गृहीत धरलेला आहे. तुमच्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सदैव सिद्ध असा, मात्र ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असे तिथे सांगितले आहे. या वचनातील ‘उत्तर द्या’ हा भाग वारंवार उद्धृत केला जातो. समोरच्याने आधी काही विचारलेले असावे, हा भाग मात्र बहुधा निसटून जातो.

या वागणुकीची साक्ष विरोधकांनीही दिलेली आहे. रोमन साम्राज्यात जुन्या देवतांची उपासना पुन्हा रुजवू पाहणारा सम्राट ज्युलियन ख्रिस्ती लोकांचा कट्टर टीकाकार होता. इ.स. ३६२मध्ये आशिया मायनरमधील गलातिया प्रांताच्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेले म्हणून जे पत्र त्याच्या नावावर आहे, त्यात तो वैतागून म्हणतो की हे लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, शिवाय आपल्याही गरिबांना पोसतात. मग त्यावर उतारा म्हणून तो दरवर्षी ३०,००० मापे धान्य आणि ६०,००० मापे मद्य मंजूर करतो, त्यातील पाचवा हिस्सा पुजाऱ्यांच्या सेवेतील गरिबांना द्यायला सांगतो आणि उरलेले परक्यांत आणि भिकाऱ्यांत वाटायला सांगतो. प्रतिस्पर्ध्याने अनुकरण करावे, याहून मोठी पावती क्वचितच कोणाला मिळत असेल.

मात्र हा इतिहास इतका सरळ नाही, आणि त्यातला सर्वांत अवघड अध्याय पुढे थोर ख्रिस्ती धर्मचिंतक ठरलेल्या ऑगस्टीनचा आहे. इ.स. ३८४मध्ये तो वक्तृत्वाचा शिक्षक म्हणून मिलानला आला, तेव्हा चर्चमध्ये सत्य सापडेल ही आशा त्याने सोडून दिली होती. तिथला बिशप आम्ब्रोज नावाजलेला वक्ता होता, म्हणून केवळ त्याची भाषणाची ढब न्याहाळायला ऑगस्टीन जात असे. या परक्या माणसाला आम्ब्रोजने वडीलकीच्या मायेने जवळ केले. पुढे आत्मकथनात ऑगस्टीनने प्रांजळपणे लिहिले की आम्ब्रोज आपल्याला प्रथम आवडला तो सत्याचा शिक्षक म्हणून नव्हे, तर आपल्याशी ममतेने वागणारा माणूस म्हणून. इ.स. ३८७च्या ईस्टरला त्याच आम्ब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला.

हाच ऑगस्टीन नंतर उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथे बिशप झाला. तिथे डोनाटिस्ट नावाच्या फुटून निघालेल्या ख्रिस्ती पंथाशी त्याचा दीर्घकाळ संघर्ष चालला. कोणावरही श्रद्धेची सक्ती करू नये, असे आपले पूर्वी मत होते, परंतु कायद्याच्या धाकाने लोक परत येताना पाहून ते बदलले, असे त्याने इ.स. ४०८च्या सुमारास एका पत्रात मान्य केले. आधाराला त्याने येशूचा मेजवानीचा दृष्टान्त घेतला, ज्यात यजमान आपल्या चाकराला रस्त्यावरच्या लोकांना आग्रहाने आत आणायला सांगतो. देहान्ताच्या शिक्षेला त्याचा विरोध होता, हे सांगणे न्यायाचे ठरेल. तरीही पंगतीला बसवताना करायचा आग्रह त्याच्या युक्तिवादात सरकारी बडगा होऊन बसला. थीब्जच्या तुरुंगातही आग्रहच झाला होता. मायेने जिंकल्या गेलेल्या माणसालाच ती वाट अपुरी का वाटावी, याचे उत्तर निदान आम्हाला तरी त्याच्या युक्तिवादात सापडत नाही.

पुढची पायरी काही शतकांनी चढली गेली. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने जिंकलेल्या सॅक्सन लोकांसाठी जो कायदा केला, त्यात बाप्तिस्मा नाकारून लपून राहणाऱ्याला मृत्युदंड होता, आणि ख्रिस्ती धर्माची अवहेलना करण्यासाठी उपवासकाळात मांस खाणाऱ्यालाही तोच होता. त्याच्याच दरबारातील विद्वान आल्क्विन याने हरकत घेतली. श्रद्धा ही इच्छेची बाब आहे, माणसाला बाप्तिस्म्यापर्यंत ढकलता येईल, श्रद्धेपर्यंत नाही, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते.

येथे एक शंका रास्तपणे उपस्थित होते. सक्ती नको, माया हवी आणि दोषारोप करायचा नाही, म्हणजे पापाविषयी मूग गिळून बसायचे काय? शुभवर्तमानांतील, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या जीवनकथांतील, येशू तसा गप्प बसत नाही. व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीचा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध हस्तलिखितांत आढळत नाही, तरी चर्चने तो पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. त्यात तो तिला पुन्हा पाप करू नकोस असे स्पष्ट सांगतो, परंतु मीही तुला दोषी ठरवत नाही, हे वाक्य त्याआधी येते. ही वाक्ये उलट्या क्रमाने म्हणून पाहिली, तर क्षमा हे वागणूक सुधारल्याचे बक्षीस होऊन बसते.

याच शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात भर दुपारी एक शोमरोनी स्त्री पाण्याला येते. विहिरीवर एक थकलेला यहुदी प्रवासी बसलेला असतो, विहीर खोल असते आणि त्याच्यापाशी पोहरा नसतो. यहुदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, तरी येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तिच्या आयुष्यावर बोलण्याआधी तो तिचा याचक होतो. पाच नवरे झाल्याचा आणि आता जो आहे तोही नवरा नसल्याचा विषय बऱ्याच संभाषणानंतर निघतो, आणि तो लपवलाही जात नाही. मात्र ते ऐकून ती उठून जात नाही, उलट उपासना कोठे करावी हा तिच्या लोकांचा जुना वाद त्याच्यापुढे मांडते. मग ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि सांगते, मी जे जे केले ते सगळे ज्याने मला सांगितले, त्या माणसाला येऊन पाहा. ज्या गोष्टीची कुजबुज होत असावी, तीच आता ती स्वतःच्या तोंडाने गावाला सांगत असते. गावकरी येतात, त्याला राहण्याची विनंती करतात आणि तो त्यांच्याकडे दोन दिवस राहतो.