वरातीची घोडी आणि तिचे बूट

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, बैलाला दोरीने पाडून त्याच्या दुभंगलेल्या खुरांना पत्र्या ठोकणारा नालबंद आपण आठवडी बाजारात पाहिला आहे. घोड्याचा खूर मात्र अखंड असतो, त्याला उभ्यानेच नाल मारावी लागते, आणि ते काम जाणणारा माणूस आता तालुक्याच्या गावीही सहज सापडत नाही. म्हणून खिळे न ठोकता घालता-काढता येणाऱ्या बुटांविषयी बोलण्याचे मी आज ठरविले आहे. हे नवे खूळ आहे असे कोणी समजू नये. रोमन लोकही घोड्याच्या खुराखाली लोखंडी तळ बांधीत असत.

आमच्या शेजारच्या गावात वरातीची एक घोडी आहे. वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला असताना तापलेल्या डांबरावरून ती चालते. झुलीवर आरसे, कपाळावर तुरा, आणि पायांचा विचार कोणी करीत नाही. मालकाने अखेर हौसेने शहरातील एका विक्रेत्याकडून बूट मागविले. त्या गृहस्थांनी घोडीची उंची विचारली, रंग विचारला, ती बँडवर नाचते का हेही विचारले. खुराची लांबी-रुंदी तेवढी विचारली नाही. वरात वेशीपाशी आली, बँडने ठेका धरला, घोडी नाचू लागली आणि पुढच्या पायातील सैल बूट गर्रकन फिरून त्याचे टोक मागे गेले. नवरदेवाचे जोडे लपविण्याचा मान मेव्हण्यांचा. घोडीचा जोडा आपणहून नालीत जाऊन लपला. तक्रार केली तेव्हा विक्रेत्याने घोडीच्या चालीलाच दोष दिला. आपण हसता आहात. मालक हसला नव्हता.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा कबूल केलेला विषय आता घाईनेच सांगावा लागेल. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणून माप नुकत्याच तासलेल्या खुराचे, आणि प्रत्येक पायाचे वेगळे घ्यावे: रुंदी सर्वांत रुंद जागी, लांबी टोकापासून टाचेच्या कठीण भागापर्यंत, मागचे मऊ गोळे मापात धरू नयेत. घातलेला बूट हाताने पिळला तरी फिरता कामा नये. पहिल्यांदा थोडेच चालवून बूट काढावा आणि केस किंवा कातडी कोठे घासली आहे का, ते पाहावे.

काम संपताच बूट काढून धुवावेत व वाळवावेत. पावसाळ्यात आपली काळी माती आत अडकून राहिली, तर तळव्याच्या मऊ भागाला कुज लागते आणि दुर्गंधी येते. घोडा लंगडत असेल तर आधी पशुवैद्याला दाखवावे. त्यांनी खुराला बांधलेले पोटीस जागेवर ठेवण्यास बूट उपयोगी पडतो, पण तो स्वतः औषध नव्हे.

पैसे अपुरे असतील तर आधी पुढची जोडी घ्यावी, कारण घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते. प्रश्नांना वेळ उरलेला नाही. ज्यांच्या दारी घोडी आहे, त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावे, मापाची पट्टी माझ्याजवळ आहे.